ओडीटी फाइल प्रत्येकाकडे वेगळीच उघडते, काय करावं?

प्रतापनगरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या वसाहतीत एक लहानसं वाचनालय आहे, त्याचं कार्यालयीन काम मी पाहतो. तिथल्या कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस हे फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे वार्षिक अहवाल ओडीटीत (ओपन डॉक्युमेंट प्रकारातली मजकुराची फाइल) आणि जमाखर्च ओडीएसमध्ये (त्याच प्रकारातली आकडेमोडीची फाइल). तिथे बसून काम केलं तर काहीच तक्रार नाही. भानगड सुरू होते ती फाइल कार्यकारिणीच्या ग्रुपवर टाकल्यावर.

अध्यक्ष ती मोबाइलवर गूगल डॉक्समध्ये उघडतात. चिटणीस ताई लॅपटॉपवर वर्ड ऑनलाइनमध्ये. कोषाध्यक्ष काका जमाखर्च गूगल शीट्समध्ये पाहतात आणि त्यांचा मुलगा पुण्याहून त्यात "थोडं सेटिंग" करून देतो.

मग काय होतं? पुस्तक प्रदर्शनाचा फोटो आपल्या मजकुरापासून सुटून पुढच्या पानावर जातो आणि ग्रंथपालांच्या निवेदनावर बसतो. नव्या पुस्तकांचा तक्ता आडव्या पानावर आहे, तो उभ्या पानावर येतो आणि किमतीचा रकाना कागदाबाहेर. गूगलमध्ये शीर्षकं जशीच्या तशी राहतात पण मजकुराचा फॉन्ट बदलतो, वर्ड ऑनलाइनमध्ये नेमकं उलट. परत येणारी फाइल कधी ओडीटी असते, कधी डॉक्सएक्स, म्हणजे वर्डच्या प्रकारातली. सध्या माझ्याकडे "अहवाल अंतिम", "अहवाल अंतिम सुधारित" आणि "अहवाल अंतिम काका" अशा फाइली आहेत, आणि प्रत्येकीत निराळ्या दुरुस्त्या.

सभा तोंडावर आली आहे. विकतचं ऑफिस घ्यायला वाचनालयाकडे पैसे नाहीत, आणि असते तर त्यात पुस्तकं घ्यावीत असं माझं मत. ओपन डॉक्युमेंट हा प्रकारच कच्चा आहे, की आमची वापरायची पद्धत चुकते आहे?

तर्रीपोहा

भाऊ, काऊन एवढा त्रास करून घेता? सेव्ह ॲज, डॉक्सएक्स, विषय संपला. सगळं जग त्यातच चालून राहिलं. एकट्याने तत्त्वाचा झेंडा धरून सभेचा अहवाल वेळेत होत नसतो.

कर्सर

तर्रीपोहा, डॉक्सएक्स केलं की फॉन्टचा आणि फोटोचा प्रश्न सुटेल असं वाटत असेल तर करून बघा. निम्मा तसाच राहील. कारण सांगतो, थोडं लांबेल.

ओडीटी म्हणजे खरं तर एक झिप फाइल असते. नावाच्या शेवटी डॉट झिप करून उघडून बघा. आत कंटेंट नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये मजकूर, स्टाइल्स नावाच्या फाइलमध्ये फॉन्ट, समास, पानाचा आकार, पिक्चर्स फोल्डरमध्ये फोटो. सगळं वाचता येण्यासारखं. लपवलेलं काही नाही. प्रकार कच्चा नाही.

अडचण ही की बहुतेक ऑनलाइन ऑफिसं ओडीटी *उघडतात*, पण ओडीटीत *काम करत नाहीत*. गूगल डॉक्स तुमच्या फाइलवरून स्वतःच्या पद्धतीचा नवा दस्तऐवज बनवतं. मूळ ओडीटी ड्राइव्हवर पडून राहते आणि तुमचे अध्यक्ष दुरुस्त्या करतात त्या त्या नव्या प्रतीत. पुन्हा ओडीटी हवी असेल तर डाउनलोडमध्ये जाऊन ओपन डॉक्युमेंट निवडावं लागतं, आणि ते उलट दिशेचं आणखी एक रूपांतर. ओन्लीऑफिस या दुसऱ्या ऑनलाइन ऑफिसचा गाभा डॉक्सएक्सच्या घराण्यातला, त्यामुळे तेही आधी आपल्या रूपात आणतं. वर्ड ऑनलाइन ओडीटी उघडतं आणि ओडीटीतच सेव्हही करतं, पण वर्डला जे त्या प्रकारात मांडता येत नाही ते सेव्ह करताना गळतं. झोहो रायटरमध्येही आयात आणि निर्यातच आहे.

म्हणजे दर फेरीत शिवलेला सदरा उसवून दुसऱ्याच्या मापाने पुन्हा शिवला जातो. अध्यक्ष, ताई आणि पुन्हा तुम्ही अशी फेरी झाली की कुठली शिवण कोणी बदलली ते शोधता येत नाही.

याला ठळक अपवाद कोलॅबोरा ऑनलाइन. त्यात सर्व्हरवर लिब्रेऑफिसचंच इंजिन चालतं, त्यामुळे ओडीटी हाच त्याचा घरचा प्रकार.

आता तुमच्या फॉन्टच्या कोड्याबद्दल: शीर्षकाला आणि मजकुराला कोणते फॉन्ट लावले आहेत?

प्रतापनगरकर

शीर्षकं मुक्तामध्ये, मजकूर मंगलमध्ये. मागच्या काही वर्षांची इतिवृत्तं श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या फॉन्टांत आहेत, पण ते वेगळंच रडगाणं होईल, सध्या राहू द्या.

टायपिंगवाला_भाऊ

घ्या राजेहो, इथंच उत्तर हाय!

माझं सीताबर्डीला टायपिंग-झेरॉक्सचं दुकान हाय. हिवाळी अधिवेशन लागलं की निवेदनं टाइप करायला रांग लागते, अन् अर्धे लोक मोबाइलमधून फाइल दाखवून म्हणतात "भाऊ, फक्त प्रिंट मारा". ते फक्त प्रिंट मारणंच सगळ्यात अवघड काम हाय.

मंगल हा विंडोजचा फॉन्ट. गूगलच्या फॉन्टच्या यादीत तो नाही. मुक्ता गूगल फॉन्ट्समधला, फुकटचा, तो गूगल डॉक्सले माहीत हाय. म्हणून तिथं शीर्षक टिकते अन् मजकूर पडते. वर्ड ऑनलाइन मायक्रोसॉफ्टचं, त्याले मंगल ओळखीचा, मुक्ता परका. म्हणून तिथं उलटं. फॉन्ट बदलला की ओळीची उंची बदलते. मात्रा, वेलांट्या, उकार वर-खाली किती जागा घेतात ते प्रत्येक मराठी फॉन्टमध्ये वेगळं. ओळीत थोडा फरक, पानात दोन ओळींचा फरक, अन् वीस पानांनंतर तुमचा फोटो ग्रंथपालाच्या डोक्यावर.

इंग्रजीवाल्यांचं बरं हाय. टाइम्स न्यू रोमन नसला तं लिबरेशन सेरिफ लागते, कॅलिब्री नसला तं कार्लिटो. अक्षरांची रुंदी मुद्दाम तेवढीच ठेवली हाय, म्हणून ओळ हालत नाही. मंगलले असा जुळा भाऊ कोणी बनवला नाही.

माझा सल्ला: शीर्षक अन् मजकूर, दोन्ही एकाच खुल्या फॉन्टमध्ये करा. मुक्ता घ्या, नाही तं नोटो सान्स देवनागरी. सगळ्यांच्या लॅपटॉपवर टाकून द्या, फुकट हाय. अन् लिब्रेऑफिसात फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट नावाचा टॅब हाय, तिथं दस्तऐवजात फॉन्ट बसवायचा पर्याय मिळते. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस असलं तं याचा फायदा होते. गूगलच्या भरवशावर मात्र राहू नका.

कर्सर

टायपिंगवाला भाऊंना दंडवत. त्यांच्या म्हणण्याला एक जोड देतो, कारण मराठी लोकांना हीच गोष्ट कुणी सांगत नाही.

ओडीएफमध्ये, म्हणजे ओपन डॉक्युमेंट प्रकारात, एका मजकुराला एकच फॉन्ट नसतो. तीन खण असतात: पाश्चात्त्य, आशियाई आणि संयुक्त लिपी. आशियाई म्हणजे चिनी-जपानी-कोरियन. आपली देवनागरी, अरबी-हिब्रूसोबत, तिसऱ्या खणात. प्रत्येक खणाला स्वतःचा फॉन्ट, स्वतःचा आकार, ठळकपणासुद्धा स्वतंत्र. वर्डच्या डॉक्सएक्समध्येही संयुक्त लिपीचा फॉन्ट आणि आकार वेगळाच साठवला जातो.

आता तुमच्या अहवालात "एकूण सभासद" मराठीत आणि शेजारी इंग्रजी अक्षरांत एखादं प्रकाशनाचं नाव असेल, तर त्या एकाच ओळीतले दोन तुकडे दोन खणांतून आकार उचलतात. तुम्ही कर्सर मराठी शब्दावर ठेवून टूलबारवरून १४ केलं की फक्त तिसरा खण १४ होतो, पहिला १२ वरच राहतो. लिब्रेऑफिसमध्ये ते लक्षात येत नाही. रूपांतर करणाऱ्याने पहिल्याच खणाचा आकार सगळ्याला लावला की मजकूर अचानक बारीक दिसतो आणि आपण म्हणतो फाइल बिघडली.

करायचं काय: ऑप्शन्समध्ये भाषांच्या सेटिंगला जाऊन संयुक्त लिपी चालू आहे आणि तिथे मराठी निवडलेली आहे ते बघा. मग मजकुरावर हाताने आकार देत बसू नका. स्टाइल (फॉन्ट-आकाराचा ठरवून ठेवलेला साचा) संपादित करा आणि तिथे पाश्चात्त्य आणि संयुक्त लिपी, दोन्ही ठिकाणी तोच फॉन्ट आणि तोच आकार भरा. मुक्तामध्ये रोमन अक्षरंही आहेत, त्यामुळे दोन्हीकडे तोच चालतो.

अंबाझरीची_संध्याकाळ

मी आमच्या भगिनी मंडळाच्या वार्षिकांकाची मांडणी लिब्रेऑफिसमध्येच करते, म्हणून फोटो आणि पानांबद्दल.

प्रतापनगरकर दादा, फोटोवर राइट क्लिक करून त्याचा अँकर, म्हणजे तो कशाला बांधलेला आहे ते, बघा. बहुधा "पानाला" असेल. तसा अँकर वर्डच्या प्रकारात नाहीच, मग तो रूपांतरात कुठेतरी टांगला जातो. फोटो "अक्षरासारखा" करा. मग तो ओळीतल्या एका मोठ्या अक्षरासारखा वागतो आणि आपल्या परिच्छेदासोबत जातो. दिसायला थोडं साधं होतं, बाजूने मजकूर वाहत नाही, पण पळून जात नाही. फोटोखालची ओळ आणि फोटो एकत्र ठेवायचे असतील तर मी बिनरेषेचा एका रकान्याचा तक्ता करून वर फोटो, खाली ओळ अशी टाकते.

आडव्या पानाचं कारण निराळं. लिब्रेऑफिसमध्ये आडवं पान म्हणजे वेगळी पान-स्टाइल, वर्ड आणि गूगलमध्ये तेच काम सेक्शन करतात. भाषांतर होतं, पण पुष्कळदा अर्धवट. मी तर असे तक्ते मूळ फाइलमध्ये ठेवतच नाही. परिशिष्ट म्हणून वेगळी फाइल करायची आणि शेवटी पीडीएफ जोडायच्या.

आणि एक, रागावू नका: नवीन पान हवं म्हणून एंटर एंटर एंटर मारलेले असतील तर ते आधी काढा. कंट्रोल आणि एंटर दाबलं की पान बदलतं.

प्रतापनगरकर

ताई, एंटर आमच्या आधीच्या कारकुनांच्या काळातले आहेत, वारसा म्हणून चालत आलेत. काढतो. 😀

फोटोचा अँकर खरंच "पानाला" होता.

लेखापाल_निवृत्त

जमाखर्चाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. फॉन्ट बिघडला तर दिसतं. आकडा बिघडला तर लेखापरीक्षकालाच दिसतो.

ओडीएसची एक जुनी बदनामी आहे आणि ती पूर्णपणे खोटी नाही. २००९ साली मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये ओडीएफ उघडायची सोय दिली. पण दुसऱ्या ऑफिसात बनवलेली ओडीएस एक्सेलमध्ये उघडली की सूत्रं गायब आणि जागी नुसते आकडे. कारण तेव्हाच्या ओडीएफच्या मानकात सूत्रं कशी लिहायची हेच नीट बांधून दिलेलं नव्हतं. ओडीएफ १.२ मध्ये, म्हणजे २०११ मध्ये, ओपनफॉर्म्युला आलं आणि ती पोकळी भरली. ऑफिस २०१३ पासून एक्सेल १.२ वाचतं. त्यामुळे "ओडीएसमध्ये सूत्रं उडतात" असं आजही कुणी म्हणत असेल तर तो जुन्या जखमेबद्दल बोलतो आहे.

आजची अडचण उलट दिशेने येते. काकांच्या चिरंजीवांनी पुण्याहून जे "सेटिंग" केलं त्यात क्वेरी किंवा इम्पोर्टरेंज ही फंक्शन्स तर नाहीत ना, ते बघा. ती गूगल शीट्सची स्वतःची आहेत, बाहेर कुणालाच कळत नाहीत. एक्सेलच्या प्रकारात उतरवलेल्या अशा फाइलमध्ये मी पाहिलं आहे: सेलमध्ये इफएरर, आत "डमीफंक्शन" असा शब्द आणि शेवटी शेवटचा हिशोबी आकडा चिकटवलेला. बेरीज बरोबर दिसते, पण ती गोठलेली असते. खालची पावती बदला, वरचा आकडा हलत नाही. ही चूक पकडायला मुद्दाम एखादी रक्कम बदलून पाहावी लागते.

तसंच एक्सलुकअप हे तक्त्यातून शोधून देणारं फंक्शन लिब्रेऑफिसमध्ये २४.८ या आवृत्तीपासून आहे. वाचनालयात जुनी आवृत्ती असेल तर ते चालणार नाही. साधं व्हीलुकअप वापरा.

आणि रकमेच्या सेलमध्ये कुणी "रु. ४५०" असं लिहिलं असेल तर तो मजकूर आहे, रक्कम नाही. बेरजेत धरला जात नाही. रुपयाचं चिन्ह सेलच्या फॉरमॅटमधून द्यावं, हाताने टाइप करू नये.

ओडीएसची एक चांगली बाजूही सांगतो. फाइलच्या आत तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने साठवली जाते, दाखवताना कुठलीही रीत असो. त्यामुळे ३ एप्रिलचा ४ मार्च होत नाही. सीएसव्हीमधून (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकूर-फाइलीतून) आणलेल्या पावत्यांमध्ये हमखास होतो.

तर्रीपोहा

काका, लय भारी. पण माझा मूळ मुद्दा राहिलाच. एवढं सगळं करण्यापेक्षा सगळे जे वापरतात ते वापरा न! सरकारी कार्यालयातही अर्ज पाठवा म्हटलं तं "वर्ड फाइल द्या" म्हणतात. मागच्या महिन्यात मी स्वतः एका ठिकाणी ओडीटी मेल केली, तं उत्तर आलं "फाइल करप्ट आहे".

गोरेवाडा

कार्यालयात वर्ड मागतात हे खरं, पण धोरण काय म्हणतं तेही बघा. ओडीएफ २००५ मध्ये ओॲसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मंजूर केलं, २००६ मध्ये ते आयएसओ २६३०० हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. मायक्रोसॉफ्टचा ओओएक्सएमएल, म्हणजे डॉक्सएक्सचा प्रकार, २००८ मध्ये आयएसओ २९५०० झाला, आणि त्या मतदानात भारताच्या बीआयएसने (भारतीय मानक ब्युरो) विरोधात मत दिलं होतं. २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. ब्रिटनच्या सरकारने २०१४ मध्ये संपादन करायच्या दस्तऐवजांसाठी ओडीएफ निवडलं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये तीस हजार कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर न्यायचं ठरवलं.

आणि "डॉक्सएक्स म्हणजे सगळीकडे सारखं" हाही गैरसमज. त्याच मानकाचे दोन प्रकार आहेत, स्ट्रिक्ट आणि ट्रान्झिशनल. जुन्या वर्डचं ओझं वाहणारा ट्रान्झिशनल, आणि रोज आपण सेव्ह करतो तो हाच.

तर्रीपोहा

धोरणाने माझी मेल उघडली नाही भाऊ. 😀

टायपिंगवाला_भाऊ

धाग्याचा आखाडा करू नका बाप्पा. भाऊचा अहवाल अजून अडकून राहिला.

गोरेवाडा

बरोबर, मुद्द्यावर येतो. आमच्या गिर्यारोहण गटात नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फाइली ठेवायचं सॉफ्टवेअर) आहे, त्यावर कोलॅबोरा. सगळे एकाच ओडीटीत एकाच वेळी काम करतात, ब्राउझरमधून. कर्सर म्हणाले तसं पान सर्व्हरवर रंगवलं जातं आणि चित्र म्हणून तुमच्यापर्यंत येतं. त्यामुळे मोबाइलवर मुक्ता आहे की नाही याने फरक पडत नाही. पण सर्व्हरवर मुक्ता हवा! आमच्याकडे सुरुवातीला देवनागरी फॉन्टच टाकलेले नव्हते, सगळ्यांना सारखीच भयाण मराठी दिसायची.

नेक्स्टक्लाउडवर ओन्लीऑफिसही जोडता येतं. त्याच्या सेटिंगमध्ये ओडीटी, ओडीएस संपादनासाठी उघडायचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो आणि तिथेच इशारा लिहिलेला असतो की सेव्ह करताना काही माहिती जाऊ शकते. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. बाकीचे न सांगता करतात.

फक्त, सर्व्हर म्हणजे दरमहा भाडं, अपडेट, बॅकअप. वर्षातून एक अहवाल निघणाऱ्या वाचनालयाने हे करू नये असं माझं स्पष्ट मत. करणारा माणूस नोकरीसाठी गाव सोडून गेला की पासवर्डही त्याच्यासोबत जातो.

कर्सर

सहमत. प्रतापनगरकर, तुमच्यासाठी सर्व्हरपेक्षा शिस्त स्वस्त पडेल. मूळ ओडीटी एकाच कॉम्प्युटरवर, एकाच माणसाच्या हातात. ग्रुपवर ओडीटी टाकूच नका, पीडीएफ टाका. आणि ती पीडीएफ हायब्रिड करा: पीडीएफ निर्यात करताना पहिल्याच टॅबमध्ये ओपन डॉक्युमेंट फाइल आत बसवण्याचा पर्याय असतो. बाकीच्यांना ती नेहमीची पीडीएफ दिसते. लिब्रेऑफिसमध्ये उघडली की आतली ओडीटी संपादनासाठी समोर येते. उद्या वाचनालयाचा कॉम्प्युटर बसला तरी ग्रुपवरच्या पीडीएफमधून मूळ फाइल परत मिळते.

ज्यांना मजकुरात बदल सुचवायचे आहेत त्यांना फक्त त्यांचा भाग गूगल डॉक्समध्ये साधा मजकूर म्हणून द्या. ना फोटो, ना तक्ता. तिथे भांडून झालं की मजकूर उचला आणि मूळ फाइलमध्ये "फॉरमॅट न करता चिकटवा". तुमची स्टाइल त्याला आपोआप लागेल.

प्रतापनगरकर

मंडळी, अपडेट देतो.

मंगल काढला, दोन्ही खणांत मुक्ता १३ केला. फोटो "अक्षरासारखे" केले. तीच ओडीटी प्रयोग म्हणून पुन्हा अध्यक्षांना दिली: फोटो जागेवर, मजकूर जवळजवळ जागेवर, एका ठिकाणी शीर्षक पानाच्या तळाशी एकटं पडलं. आडवा तक्ता गूगलमध्ये अजूनही रुसलेलाच, म्हणून ताईंच्या सल्ल्याने त्याची वेगळी फाइल केली.

जमाखर्चात लेखापाल काकांनी सांगितलं तेच निघालं. वर्गणीच्या बेरजेत क्वेरी होतं. एक पावती बदलून पाहिली, बेरीज ढिम्म. साधं समइफ (अट लावून बेरीज करणारं फंक्शन) घातलं आणि आता हलते. दोन सेलमध्ये "रु." टाइप केलेलंही सापडलं.

अध्यक्षांना हायब्रिड पीडीएफ पसंत पडली. कोषाध्यक्ष काका मात्र प्रिंट काढून लाल पेनाने दुरुस्त्या करून फोटो पाठवतात. त्यांच्या प्रकाराला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही आणि खरं सांगायचं तर त्यांच्या दुरुस्त्या मला सगळ्यात लवकर कळतात.

आता त्या श्रीलिपीतल्या इतिवृत्तांचं विचारू का? ती ओडीटीत सेव्ह केलेली आहेत, वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर बरोबर दिसतात, पण गूगलमध्ये रोमन अक्षरांची खिचडी.

टायपिंगवाला_भाऊ

ते दिसणारच. श्रीलिपी, कृतिदेवच्या जुन्या फाइलीत मराठी साठवलेलीच नसते. साठवलेली असतात रोमन अक्षरं अन् चिन्हं, मराठी फक्त फॉन्टच्या चित्रात. फॉन्ट गेला की मराठी गेली.

कर्सर

आणि म्हणूनच ती तिसऱ्या खणात नसतात, पहिल्या खणात असतात. संयुक्त लिपीचं सेटिंग कितीही बदललं तरी त्यांना काही होणार नाही. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलावी लागतील.

कन्व्हर्टर मिळतात, पण कुठल्या फॉन्टसाठीचा आहे ते बघून घ्या. श्रीलिपीच्याच वेगवेगळ्या फॉन्टांची मांडणी सारखी असेलच असं नाही. एक पान बदलून आधी तपासा: रफार योग्य अक्षरावर बसतो का, पहिली वेलांटी अक्षराच्या आधीच राहून गेली का, "ऱ्या" चा अर्धा र टिकतो का, आणि इंग्रजी शब्दांचं चुकून मराठी झालं का. आकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा, ठरावांतल्या रकमा आहेत त्या.

बदललेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा. जुनी फाइल आणि जुना फॉन्ट, दोन्ही जपून ठेवा, आणि जुन्याची एक पीडीएफ त्याच कॉम्प्युटरवर आत्ताच काढून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आत जातो, त्यामुळे निदान वाचता तरी येईल.

लेखापाल_निवृत्त

आणि सहीची मूळ वही टाकू नका. वाद झाला तर तीच बघतात.

अंबाझरीची_संध्याकाळ

वाचनखूण साठवली आहे. दादा, बदललेलं एखादं पान इथे चिकटवा, रफार तपासायला मी आहे.